खांबेट्यांची चिनी मोटरसायकल

गणपतीच्या आधी आमच्या इमारतीतले फ्रीजर मी वाटून टाकते. टोकियोच्या निशी-कसाईतल्या घरांतले फ्रीज बुटके, आणि मोदक दीडशे. त्यामुळे कोणाकडे काय ठेवायचं याची यादी करावी लागते. यंदा ओल्या नारळाचा कीस तिसऱ्या मजल्यावरच्या खांबेट्यांच्या नावावर होता. मी डबे घेऊन गेले, फ्रीजर उघडला, तर आत वाटाण्याची पिशवी, बर्फाचा ट्रे आणि मोटरसायकलची चेन. चेनशेजारी दोन ब्रेक पॅड आणि एक रबरी वायसर. वाटाणे सोडून प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पिवळं कार्ड बांधलेलं.

"वहिनी, चेन हलवू नका," बाहेरच्या खोलीतून खांबेटे म्हणाले. "उणे अठराला ठेवलीय. कॅल्गरीत याच्याही खाली जातं, पण आपल्या फ्रीजची ऐपत तेवढीच."

"आणि खोबऱ्याला तेलाचा वास लागला तर?"

"लागणार नाही. ग्रीस काढूनच आत टाकलीय. तुम्ही वास घेऊन बघा."

मी घेतला. वास नव्हता. खोबरं चेनच्या खाली ठेवलं आणि यादीत तशी नोंद केली.

खांबेट्यांकडे मोटरसायकल नाही. जपानमध्ये त्यांना नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत त्यांनी घेतलेलं एकमेव वाहन म्हणजे पुढे टोपली असलेली सायकल. फ्रीजरमधली चेन एका चिनी मोटरसायकलची आहे. ही मोटरसायकल अमेरिका-कॅनडात विकली जाते, जपानमध्ये सहसा दिसत नाही, आणि खांबेटे तिच्यावर कधी बसलेले नाहीत. दीड वर्ष झालं, ते तिची तपासणी करत आहेत.

याचं कारण त्यांची मुलगी ऋजुता. ती कॅल्गरीला नोकरीला असते. तिकडे अलीकडे चिनी मोटरसायकली स्वस्तात येऊ लागल्या आहेत. साडेचारशे सीसी, दोन सिलिंडर, समोर रंगीत स्क्रीन, डोंगरात न्यावी अशी उंच बांधणी, आणि किंमत जपानी गाडीच्या मानाने इतकी कमी की माणसाला आधी आनंद होतो आणि मग संशय येतो. खांबेट्यांना आधी संशय येतो. आनंदाचा रकाना त्यांच्या तक्त्यात नाही. मागच्या वर्षी जानेवारीत ऋजुताने त्यांना विचारलं, "बाबा, ही घेऊ का? बर्फ वितळायच्या आत हो किंवा नाही सांगा. होल्ड म्हणायचं नाही."

खांबेटे म्हणाले, "बघतो."

इथे होल्डबद्दल सांगायला हवं. खांबेट्यांनी चिंचवडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं बाहेरून येणारा माल तपासला, आणि टोकियोत आल्यावरही सुट्या भागांच्या एका कंपनीत ते हेच करतात. चांगल्या मालाला हिरवं कार्ड, वाईटाला लाल. ज्याच्याबद्दल खात्री नाही त्याला पिवळं, म्हणजे होल्ड. असा माल बाजूला जाळीत ठेवतात. त्यांच्या हाताखाली काम केलेले एक गृहस्थ मला सांगत होते की खांबेट्यांची जाळी कारखान्यात सगळ्यांत मोठी होती.

घरीही तेच. मी इमारतीत नव्याने येणाऱ्यांसाठी कचऱ्याचा तक्ता केला होता. जळणारा कोणत्या वारी, न जळणारा कोणत्या वारी, बाटल्या-डबे कधी, सगळं मराठीत, रंगीत, लॅमिनेट करून. खांबेट्यांनी तो नेला आणि दुसऱ्या दिवशी पिवळं कार्ड बांधून परत आणला. "तुम्ही लिहिलंय, मोठी वस्तू असेल तर आधी फोन करून न्यायला बोलवावं. मोठी म्हणजे किती सेंटिमीटर?"

"मोठी म्हणजे मोठी हो. कपाट, गादी. माणसाला कळतं."

"हे मत झालं, वहिनी. मत वेगळं, माप वेगळं."

वॉर्ड ऑफिसला फोन करावा लागला. उत्तर तीस सेंटिमीटर निघालं. मी तक्ता परत छापला. हे मी त्यांना माफ केलेलं नाही, पण तक्ता आता बरोबर आहे.

ऋजुताची गोष्ट तक्त्याइतकी सोपी नव्हती. तिने सायन्स सोडून डिझाइनला जायचं ठरवलं तेव्हा होल्ड. कॅनडाला जायचं ठरवलं तेव्हा होल्ड. ती निघाली त्या दिवशी विमानतळावर बाकीचे रडत असताना खांबेटे खाली बसून तिच्या बॅगेची चेन ओढून बघत होते. मग उठून म्हणाले, "चेन कच्ची आहे." निरोप म्हणून एवढंच. ती चेन फ्रँकफर्टला तुटली. बाबा असं बोलले हे तिने एक वेळ माफ केलं असतं, ते खरं ठरलं हे तिला माफ करता आलं नाही.

आई होती तोवर सगळं आईमार्फत चालायचं. मुलगी आईशी बोलायची, आई जेवताना खांबेट्यांना सांगायची, खांबेटे मान हलवायचे, आणि ती मान हलवल्याची बातमी आई पुढच्या फोनमध्ये द्यायची. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यानंतर महिनोन्‌महिने कॅल्गरीहून फोन आला तर "जेवलात का", "हो", "बरं" एवढाच. आणि मग मोटरसायकलचा प्रश्न आला.

खांबेटे कामाला लागले. गाडीबद्दल इंटरनेटवर लोकांनी जे जे लिहिलंय ते सगळं त्यांनी वाचलं आणि जवळजवळ सगळं 'मत' या रकान्यात टाकलं. "हा म्हणतो, या किमतीत आणखी काय हवं. याला काय अर्थ आहे? किंमत कमी म्हणून रस्ता मऊ होतो का?" दुसरा एक लिहितो की चिनी माल म्हणजे भंगारच. त्यालाही तोच रकाना. "यानेही हात लावलेला नाही."

गाडी बिघडली तर सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हा त्यांचा खरा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी कॅनडातल्या एका दुकानातून क्लचची केबल, चेन आणि ब्रेक पॅड निशी-कसाईला मागवले. दुकानदाराने विचारलं, गाडी जपानमध्ये आहे का? खांबेट्यांनी कळवलं, गाडी नाही. दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही. केबल एक्केचाळीस दिवसांनी आली. ती आली तेव्हा कॅल्गरीतला बर्फ वितळून गेला होता. ऋजुताने फोनवर विचारलं, "झाला का रिपोर्ट?" खांबेटे म्हणाले, "अजून गाडीला हात लावलेला नाही. हात लावल्याशिवाय सही नाही."

हात लावण्यासाठी त्यांनी इचिकावाला एक दुकान शोधलं. ओगावा-सान म्हणून पंचाहत्तरीचे एक मेकॅनिक आहेत. कोणीतरी परदेशातून आणलेली नेमकी तीच गाडी त्यांच्याकडे सोडून गेलं होतं. ज्या देशातल्या मोटरसायकली जगभर जातात, त्या देशात हा माणूस दर शनिवारी तोझाई लाइनची मेट्रो पकडून चिनी मोटरसायकलला हात लावायला जाऊ लागला. ओगावा-सानना इंग्रजी येत नाही, खांबेट्यांचं जपानी स्टेशनांच्या नावांपलीकडे फारसं जात नाही. एकदा मीही गेले होते, मला इचिकावात पडद्याचं काम होतं. दोघं गाडीच्या दोन बाजूंना उकिडवे बसले होते. ओगावा-सान एक बोल्ट आवळायचे आणि दातांतून हवा आत ओढायचे. खांबेटे वहीत लिहायचे. असं तासभर चाललं.

"काय म्हणाले ते?" मी परतताना विचारलं.

"बोल्ट कारखान्यातूनच कमी आवळलेले आहेत. वेल्डिंग चांगलं आहे. इंजिन चांगलं आहे. चेन हलकी आहे."

"हे सगळं त्यांनी सांगितलं?"

"हवा ओढली की वाईट. नाही ओढली की चांगलं."

शेवटी खांबेट्यांच्या सांगण्यावरून मी ओगावा-सानना जपानीत सरळ विचारलं होतं की एकूण गाडी कशी आहे. ते म्हणाले, "मा-मा." याचा अर्थ बरी आहे, ठीक आहे, मला कशाला विचारता, यांपैकी काहीही होतो. खांबेट्यांनी ते 'मत' मध्ये टाकलं.

अर्धवट काम मला बघवत नाही. गणपती उठल्यावर मी खांबेट्यांना म्हटलं, "तुमची वही आणि फोटो द्या. दीड वर्ष झालं. मी टाइप करून, तारखेवार लावून देते. तुम्ही फक्त शेवटी निर्णय लिहा." ते जरा घुटमळले. पण खोबऱ्याला खरंच वास लागला नव्हता, त्या आनंदात मी ऐकलं नाही.

ऋजुताने वेळोवेळी पाठवलेले साठ-सत्तर फोटो होते. प्रत्येकाखाली तिने लिहिलं होतं, 'शोरूममधल्या गाडीचा'. मी तारखा लावत गेले. मागच्या वर्षी मे महिन्यातल्या फोटोत स्क्रीनवर आकडा होता अकरा किलोमीटर. जुलैत आठशे नव्वद. यंदा जूनमधल्या फोटोत चेनला चिखल होता, आणि आकडा तीन हजारांच्या पुढे.

शोरूममधली गाडी एवढी चालत नाही.

मी रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही, कारण मी साडेदहाला झोपते. पण सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवलं. त्या मुलीने वडिलांचा रिपोर्ट यायच्या आधीच गाडी घेतली होती. आणि हा माणूस तिच्यासाठी फ्रीजरमध्ये चेन ठेवून बसला होता. त्या दिवशी रविवार होता. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "खांबेटे, बसा जरा. तुम्हाला एक सांगायचंय."

मी फोटो समोर ठेवले. आकड्यांवर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा वर केला, फोटो पाहिले आणि परत दिले. "पहिल्याच फोटोत मागच्या टायरचे केस गेलेले होते," ते म्हणाले. "नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. गाडी रस्त्यावर आली की झिजतात."

"म्हणजे तुम्हाला मागच्या मेपासून माहीत आहे?"

"इन्स्पेक्शनला होतो मी, वहिनी."

मी हातातले कागद चाळले. इतके दिवस मी त्यांनी तिला विचारलेले प्रश्न नुसते टाइप करत होते, आता वाचले. ब्रेक पॅड किती मिलिमीटर उरलेत ते मोजून कळव. चेन मधोमध धरून किती हलते ते बघ. थंडीत बॅटरी काढून घरात ठेवायला सांग शोरूमवाल्यांना. इचिकावाला सैल निघालेल्या प्रत्येक बोल्टचा नंबर त्याच दिवशी कॅल्गरीला गेला होता, 'शोरूममधल्या गाडीचा हा आवळून बघायला सांग' असं लिहून. आणि प्रत्येकाखाली ऋजुताचं उत्तर होतं: 'आवळला, बाबा.'

गाडी घ्यावी की नाही यासाठी कोणी हे विचारत नाही.

"मग बोलत का नाही तुम्ही?" मी म्हटलं. "सांगून टाका ना, मला माहीत आहे म्हणून."

खांबेट्यांनी चष्मा परत नाकावर घेतला. मग म्हणाले, "रिपोर्ट झाला का, हे विचारायला ती दर रविवारी नऊ वाजता फोन करते. रिपोर्ट झाला की कशाला करील?"

नऊला पाच कमी होते. मी उठायला लागले, तर ते म्हणाले, "बसा. चहा टाकलाय." मला वाटतं त्यांना कोणीतरी तिथे हवं होतं.

फोन आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती, ऋजुताच्या मागे गॅरेजचं दार आणि थोडं ऊन दिसत होतं. खांबेट्यांनी माझी ओळख करून दिली, या आमच्या वहिनी, कचऱ्याच्या तक्त्यावाल्या. ती हसली. "नमस्कार काकू. बाबांनी सांगितलंय. तुम्ही त्यांना सेंटिमीटर विचारू दिलेत?"

"विचारले त्यांनी," मी म्हटलं.

"बाबा, झाला का रिपोर्ट? बर्फ यायला लागेल आता. की यंदाही होल्डच?"

खांबेट्यांनी मी टाइप केलेले कागद समोर ओढले. शेवटच्या पानावर निर्णयाची जागा रिकामी होती. ते तिच्याकडे बघत होते की कागदाकडे, मला सांगता येणार नाही.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"किलोमीटर. तुझ्या गाडीचे."

तिने मागे वळून गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "पाच हजार दोनशे."

"म्हणजे ऑइल बदलायला झालं."

"बाबा, मी सांगणार होते. खरंच. पण तुम्ही परत बॅगेसारखं काहीतरी…"

"गाडी चांगली आहे," खांबेटे म्हणाले. "तू ठेवलीयसही चांगली. ऑइल गरम असताना सोडायचं म्हणजे पूर्ण निघतं. आधी पाच मिनिटं चालू ठेव. चेन-बोल्ट सगळं नंतर बघू. फोन तिथेच कुठेतरी टेकव."

तिने नाक पुसलं, फोन कशाला तरी टेकवला आणि चित्रातून बाहेर गेली. एक क्षण नुसतं गॅरेजचं दार दिसत होतं. मग इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा जरा खाकरलं आणि मग एका लयीत लागलं. खांबेट्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चहा उकळून उतू जायला लागला होता, मी जाऊन गॅस बंद केला.

मी परत आले तेव्हाही ते तसेच बसले होते, कान फोनकडे करून, आणि वही मिटलेली होती.

"झाली पाच मिनिटं, बाबा," ऋजुता तिकडून ओरडली. "बंद करू?"

खांबेट्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"राहू दे अजून थोडी," ते म्हणाले.