गंगासागरच्या गोवऱ्या

"गहाण टाकतोय, इकत न्हाई!" सिद्धेश्वर चौथ्यांदा म्हणाला. "तीन वर्सांत सोडवून घेऊ शेत."

"आन् न्हाई सुटलं तर?" मांडीवरच्या लेकीला थोपटत गंगासागरने विचारलं. "घर रोखीनं बांधू. जरा दम धरा."

"रोख काय आभाळातून पडायची हाय?"

गंगासागरची नजर परसाकडे गेली. रोख आभाळात नव्हती, परसात होती.

नांदूरघाटला थोरल्या दिराच्या पडवीत त्यांचा संसार चालला होता. पाळणा पडवीच्या मेढीला बांधलेला. त्याच मेढीला दिराचा बैल अंग घासायचा, की पाळणा आपोआप हलायचा आणि नुकती झोपलेली लेक दचकून उठायची. स्वतःच्या तुळईला पाळणा टांगायचा, एवढंच गंगासागरला हवं होतं. पण त्यासाठी शेत आप्पाराव मालकांच्या घशात घालायला ती तयार नव्हती. तिच्या मामाचं शेत असंच तीन वर्षांसाठी गेलं होतं. मामा म्हातारा झाला, शेत काही माघारी आलं नाही.

सिद्धेश्वरचं तेलामिठाचं दुकान होतं आणि त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. हातात रुपया दिसला की तो संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या हातात गेलेला असे. म्हणून गंगासागर तूप विकून आलेल्या चिल्लरीचा बाजारच्या दिवशी निजामाचा चांदीचा हाली रुपया करून आणायची आणि गोवरी थापताना तिच्या पोटात दाबायची. कडेला अंगठ्याचा ठसा, म्हणजे ती गोवरी चुलीत जायची नाही. चार वर्षांत अशा एकशे चौपन्न गोवऱ्या झाल्या. घराला दीडशे लागत होते. आज नदीवरून धुणं करून आलं की नवऱ्याला सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं.

धुणं घेऊन ती आली, तर परसातली रास गायब!

"अवो, गोवऱ्या कुठं गेल्या?"

"मालकांनी गाडी धाडलती," सिद्धेश्वर खुशीत म्हणाला. "पोराचं लगीन हाय त्यांच्या. म्हणले, तुझ्या बायकोसारख्या गोवऱ्या गावात न्हाईत. सोमवारी केजला गहाणाचा कागद करायचा, दीडशे रुपये देणाऱ्या माणसाला गोवऱ्यांना न्हाई कसं म्हणू?"

गंगासागरने लेक कडेवर मारली आणि पळत सुटली.

आप्पारावांच्या अंगणात आचाऱ्यांनी चुलांगण खणून तयार ठेवलं होतं. एकाच्या हातात काडी होती.

"थांबा!" ती ओरडली. सगळे बघायला लागले. आता सांगावं काय? मालकांच्या अंगणात, मालकांच्या गाडीतून आलेल्या गोवऱ्यांत आपले रुपये आहेत म्हणावं, तर ते आपले राहतील कशावरून? "त्या... त्या नवसाच्या हायेत! वैजनाथाला बोललेल्या. त्यांचं भस्म करायचंय."

आप्पाराव तहसीलदाराला भीत नव्हते, पण वैजनाथाला भीत होते. त्यांनी कान धरले. "बरं झालं बोललीस, बाई. पाप लागलं असतं."

"मग नेऊ मी माघारी?"

"तू कावून? आमाला बी पुण्य लागू दे की! आत्ताच्या आत्ता मठात न्यायच्या. आन् आमच्या बी शंभर घाला रे त्यात!"

दारातून मालकीणबाई केसरबाई पुढे आल्या. "आमच्या कावून?"

"पुण्याला."

"आपल्यापाशी पुण्य लई हाय की!"

चारचौघांत नवऱ्याला उलट बोलणारी ही बाई नव्हे. पण नवल करत बसायला गंगासागरला सवड कुठे होती?

मठात पंचाक्षरी स्वामींनी स्वतः रास रचली. अंगठ्याचे ठसे कुठे दिसतात का, हे बघत गंगासागर राशीभोवती फिरू लागली. बायांना वाटलं प्रदक्षिणा आहे. त्याही मागे लागल्या. पाचव्या फेरीला तिला एक ठसा दिसला. तिने हळूच गोवरी ओढली.

"माय, देवाला दिलेलं काढू न्हाई," स्वामी प्रेमाने म्हणाले आणि त्यांनी विस्तव लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवलेली राख फडक्यातून गाळायला अर्धा गाव जमला. पहिल्याच गाळणीला फडक्यात काळे पडलेले चार रुपये राहिले. मग सात. मग ओंजळभर.

"माझे हायेत, स्वामी," गंगासागर पुढे होऊन म्हणाली. "मी गोवऱ्यांत ठिवले होते. घरासाठी."

सिद्धेश्वरने आ वासला. "तुपाचे?"

"तुपाचे."

"आन् मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर आज अर्ध्या गावाचे झाले असते!"

गाव हसला. पण मोजणी संपली तेव्हा गंगासागर चमकली. रुपये एकशे एक्क्याण्णव भरले होते. सदतीस जास्त! तिने मान वर केली. समोर केसरबाईंचं तोंड त्या राखेपेक्षा पांढरं झालं होतं.

"शंभर गोवऱ्या आमच्या होत्या," आप्पाराव खाकरले. "रुपयांत बी आमचा वाटा निघतो."

गंगासागरच्या डोळ्यांपुढून तुळई, पाळणा, सगळं सरकन गेलं. खुणा तर जळून गेल्या होत्या. साक्ष कोण देणार?

"आपल्या गोवऱ्यांत रुपये कुठून येतील?" केसरबाई पदर सावरत बोलल्या. "तुमी ठिवले का?"

"मी कशाला ठिवतो?"

"मग मी ठिवले? माझ्या हाती तुमी कवा रुपया दिलाय का?"

"न्हाई बा! बाईमाणसाच्या हाती मी पैसा देतच न्हाई," आप्पाराव ताठ्यात म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना कळलं, पण तोवर सगळ्या गावाने ऐकलं होतं.

"झालं तर," स्वामी म्हणाले. "राख देवाची. रुपये गंगासागरचे."

सोमवारी केजला कुणी गेलं नाही. त्या दिवशी नव्या घराचा पाया खणला.

आठवड्याने गंगासागर डोक्यावर पाटी घेऊन मालकीणबाईंकडे गेली. "लग्नाचा आहेर राहिला होता. सदतीस हायेत. मोजून घ्या." केसरबाईंनी वरच्या गोवरीवरचा अंगठ्याचा ठसा बघितला, पाटी स्वतः आत नेली आणि येताना लेकीसाठी झबलं आणलं.

दिवाळीआधी दोन खणांचं घर उभं राहिलं. वास्तुशांतीला आप्पारावही आले. नव्या तुळईला टांगलेल्या पाळण्यात लेक गाढ झोपली होती. बैल दिराच्या पडवीत.

"आमच्या घरात चार गडी हायेत," आप्पाराव स्वामींना कौतुकाने सांगत होते, "तरी आमची मालकीण गोवऱ्या स्वतःच थापती. कुणाला हात लावू देत न्हाई. इतकी साधी बाई!"

पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या केसरबाई आणि गंगासागर एकमेकींकडे न बघता दोरी ओढत राहिल्या.