पान सत्तेचाळीस

सबनीसकाकांना नवी गोष्ट सांगायची सोय नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत कुणी बिटाची करंजी आणली, तर काका ती अख्खी खाऊन म्हणणार, "हे आधी झालंय." एकीच्या मुलीने अचानक डच मुलाशी लग्न ठरवलं. आईचे डोळे भरलेले. काका जवळ जाऊन म्हणाले, "आधी झालंय." त्यांच्या मते हे सांत्वन होतं. त्यानंतर त्यांना कुणी फारसं बोलावत नाही.

त्यांचा जन्म पेटंटं तपासण्यात गेला. निवृत्त झाले, तरी दर गुरुवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जातात. बाहेरच्यांसाठी तिथे एकच संगणक आहे, खिडकीपासून लांब. त्यावर जगभरची पेटंटं दिसतात आणि कोणती वस्तू किती सुरक्षित असावी, याची मानकंही. मानकं छापून घ्यायला बंदी आहे, म्हणून काका ती पेन्सिलीने वहीत उतरवतात.

मी त्यांच्याकडे गेले ती संतापाने. नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आले, अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये भांडी विकत विकत स्वतःचा धंदा उभा केला आणि ओट्याला अडकवायची विळी बनवली. हात उचलला की पातं आपोआप आत. नमुना एका घाऊक व्यापाऱ्याला दाखवला. तो "बघू" म्हणाला आणि आता स्वतःच तशी विळी काढायला निघाला होता. पेटंट मिळालं, तरच त्याला अडवता येणार होतं, आणि त्यासाठी अशी विळी आधी कुठेच झालेली नसावी लागते.

"विळी म्हणून शोधू नका, ताई," काका म्हणाले. "नावाने काही सापडत नाही. वस्तू काय करते, ते शोधा."

तीन गुरुवार शोधलं. मागे सरकणारी पाती, स्प्रिंगचे चाकू, कुठलंसं कागद कापायचं यंत्र. बाहेर चार वाजताच अंधारायचं, आत ओल्या कोटांचा वास. पात्यांच्या मानकातलं एकेक कलम काकांनी मला वाचून दाखवलं. माझी विळी सगळ्यांत बसली. "आधी झालंय" एकदाही नाही! चौथ्या गुरुवारी मी पेढे घेऊन गेले.

काकांनी पेढा घेतला नाही. "आधी झालंय," ते टेबलाकडे बघत म्हणाले.

"कुणी केलंय? नाव सांगा मला!"

"तुम्हीच. मंडळाची स्मरणिका, तीन वर्षांपूर्वीची. पान सत्तेचाळीस. तुमच्या जाहिरातीत पातं, स्प्रिंग सगळं दिसतं. अर्जाआधी जगाला दाखवलं की संपलं. स्वतः दाखवलं तरी."

मला आठवलं. अर्ध्या पानाच्या पैशांत मी घासाघीस करून पूर्ण पान मिळवलं होतं. म्हणून तर फोटो एवढा मोठा.

"मग तीन आठवडे तोंड शिवलं होतं का?"

"दुसरं काही सापडेल असं वाटलं. मग हे काढावं लागलं नसतं."

"अहो, ती स्मरणिका लोकांनी कधीच रद्दीत घातली! तुमच्याकडचं पान फाडा. वर्षभर रोजचा डबा देते."

"नाही."

"दोन वर्षं देते."

"नाही म्हटलं ना, ताई!" आवाज एवढा चढला, की पलीकडची मुलं वळून बघायला लागली.

काकांनी पिशवीतून स्मरणिका काढली. प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली. ती आपोआप सत्तेचाळिसाव्या पानावर उघडली. फोटोत विळी आणि तिच्यावर गवार चिरणारे दोन हात. माझे नव्हेत, माझ्या हातात फोन होता. मेळाव्यात शेजारून जाणाऱ्या कुणा बाईंना मी म्हटलं होतं, जरा चिरून दाखवता का? नाव विचारलं नव्हतं. छापताना फोटोतला चेहरा कापून टाकला होता.

"करंगळी बघा," काका म्हणाले. "ती पेनसुद्धा तसंच धरायची."

काकू त्याच हिवाळ्यात गेल्या, एवढंच माझ्या नंतर कानावर आलं होतं.

"घरी फोटो आहेत तिचे. सगळ्यांत नुसती उभी आहे. काही करताना हा एकच."

अर्ज बारगळला, हे मला तेव्हाच कळलं. डब्याचं पुन्हा काढलं नाही.

"चिरताना काही बोलली का हो ती?" त्यांनी विचारलं.

कुठल्या व्यापाऱ्याने कधी काय भाव सांगितला, हे मला वर्षानुवर्षं आठवतं. त्या बाईंचा एक शब्द आठवेना.

"म्हणाल्या, असं काही मी आधी पाहिलं नव्हतं."

धंद्यात मी बरंच खोटं बोलले आहे. इतक्या चटकन कधीच नाही.

काकांनी वही उघडली, पेन्सिलीला टोक आहे का ते बघितलं. "सावकाश सांगा," ते म्हणाले. "जसंच्या तसं."