माझा राजीनामा, मुक्काम लखनौ

"तू नुसती शेजारी बस, बोलायचं काम मी करतो," असं मी बायकोला म्हणालो आणि तिथेच सगळं बिघडलं.

त्र्याण्णव सालची गोष्ट. लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी अकाउंट्सला होतो (संशोधन बाकीचे करायचे, मी त्यांच्या प्रवासाच्या बिलांवर संशोधन करायचो). माझी बायको विनया अमीनाबादजवळच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायची आणि तिथली लायब्ररीही सांभाळायची. लायब्ररी म्हणजे एक खोली, काही कपाटं आणि विनया. पुस्तकं लोकांकडून मागून आणलेली. ग्रंथपाल नाही, अनुदान नाही, आणि मोडके बाक ठेवायला त्या खोलीवर मुख्याध्यापिकांचा डोळा.

बऱ्याच शाळांचं हेच रडगाणं होतं. म्हणून विनयानं ठिकठिकाणच्या शिक्षिका गोळा केल्या. मागणी एकच: आता सरकारनंच पुढाकार घ्यावा, प्रत्येक शाळेच्या लायब्ररीला दर वर्षी पैसे द्यावेत आणि ग्रंथपाल नेमावा. शिक्षण खात्यातल्या निगमसाहेबांनी भेटीची वेळ दिली आणि नेमका त्याच सकाळी विनयाचा घसा बसला. तोंडातून शब्द फुटेना.

मी पालक संघाचा अध्यक्ष होतो (निवड झाली तेव्हा मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो). शिवाय माझं हिंदी! अमीनाबादचे दुकानदार ते ऐकून भाव उतरवायचे. विनयाच्या मते, मी लवकर गप्प बसावं म्हणून.

"पापा, प्लीज़, आप मत बोलिए," आमची नववीतली कौमुदी म्हणाली. मुलांच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, एवढं मला ठाऊक होतं. तो शब्द मी फार जपून वापरला आणि मग मोकळा सुटलो.

"साहब," मी निगमसाहेबांच्या टेबलावर मूठ आपटली, "लायब्ररी के नाम पर सरकार ने आज तक हमारी सिर्फ़ चेष्टा की है!"

साहेबांचा चेहरा खुलला. "जी, चेष्टा तो हम बराबर करते हैं. शुक्र है, किसी ने माना तो."

मी चाटच पडलो. आमची थट्टा करतात आणि वर कबूलही करतात! विनयानं टेबलाखालून माझा पाय तुडवला. मला वाटलं, आणखी जोर लावा म्हणतेय.

"देखिए नवाथेजी, बजट में गुंजाइश नहीं है," साहेब पुढे म्हणाले. "आपका संघ लायब्ररी ख़ुद चलाए. सरकार की शुभकामनाएँ आपके साथ रहेंगी."

शुभेच्छा! माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उभा राहिलो. "ऐसी बात है, तो मैं अध्यक्ष के नाते अभी, इसी वक़्त, राजीनामा देता हूँ!"

निगमसाहेब टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी मला चक्क मिठी मारली.

"वाह! इतनी जल्दी राज़ीनामा तो यहाँ किसी ने नहीं दिया! अरे भई, समोसे मँगवाओ!"

विनयाचा आ वासलेला. आवाज नसल्यामुळे ती दोन्ही हात हलवत होती. मला अगदी भरून आलं. नवऱ्याचा त्याग बघून बाई हादरली होती! साहेबांनी बाहेर जाऊन व्हरांड्यात वाट बघत थांबलेल्या शिक्षिकांनाही ही बातमी दिली. एकजण मटकन पायरीवर बसली आणि डोळ्यांना पदर लावू लागली.

"रोइए मत, बहनजी," मी समजूत घातली. "मेरे बाद भी कोई आएगा."

घरी येऊन मी हे सगळं रंगवून कौमुदीला सांगितलं. ती किंचाळलीच.

"पापा! राज़ीनामा मतलब समझौता! यानी आप मान गए! इस्तीफ़ा बोलना था, इस्तीफ़ा!"

"आणि चेष्टा?" मी चाचरत विचारलं.

"कोशिश!"

म्हणजे सरकारच्या प्रयत्नांना मी मान डोलावली आणि शहरातल्या लायब्रऱ्या शुभेच्छांवर सोडून समोसे खाऊन आलो (दोन). आत विनया मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होती, आणि प्रत्येक गुळणी माझ्या नावानं होती. दारोदार फिरून तिनं ती पुस्तकं जमवली होती. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज परतला. त्याचा पहिला उपयोग माझ्यावर झाला. मग संघातल्या दोघी बायकांना घेऊन ती निगमसाहेबांकडे गेली. मला घरीच ठेवण्यात आलं. संध्याकाळी ती परतली ती हसत.

"साहेबांना मराठीतला अर्थ सांगितला," ती म्हणाली. "हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, ज्या बाईला घरी हे ऐकावं लागतं, तिला शाळेत तरी पुस्तकं मिळायलाच हवीत. अनुदान आणि ग्रंथपाल, दोन्हींची शिफारस करून त्यांनी फाइल वर पाठवली. फक्त एक अट घातली."

"कुठली?"

"तुमचा राजीनामा. आपला, मराठीतला."

मी मोठ्या मनानं हसलो. "माझी तयारी आहे. पण संघाची बैठक बोलवावी लागेल. लोक मला असं सहजासहजी सोडणार नाहीत."

"बैठक झाली की. येताना, रिक्षातच."

"मग? कुणी काहीच विरोध केला नाही?"

"एकमतानं मंजूर," विनया चप्पल काढत म्हणाली. "रिक्षावाल्यानंसुद्धा हँडल सोडून हात वर केला."