महालक्ष्मीने नेसलेली मोरपंखी साडी

देवकाबाईंनी यंदा असा बेत आखला होता की अख्ख्या पांढुर्ण्यात आजवर कोणी आखला नसेल. मुलीला पाहायला येणाऱ्यांना त्यांनी थेट महालक्ष्म्यांच्या जेवणालाच बोलावलं. "दोन लक्ष्म्या मखरात, तिसरी पंगतीत वाढून राहिली. आता ओळखा म्हणा, माझी तृप्ती कोणती!"

मुलाची आई, सौंसरच्या सुमनबाई, त्याही काही कमी नव्हत्या. त्यांनी आधीच एक मोरपंखी साडी पाठवून दिली. मुलीनं हीच नेसून समोर यावं, म्हणजे लक्ष्मीसारखी दिसते की नाही, ते एकदाचं कळेल.

देवकाबाईंनी साडी पलंगावर ठेवली आणि त्या पुरणाची डाळ निवडायला वळल्या. इकडे केशवराव, ज्यांचं आयुष्य कापडाच्या दुकानात निऱ्या पाडण्यात गेलं, दरवर्षीप्रमाणे महालक्ष्म्यांना नेसवायला बसले. पलंगावर नवी कोरी साडी दिसली. आणखी काय पाहिजे?

देवकाबाईंचं लक्ष गेलं ते आरती झाल्यावर.

"अहो, हे काय करून ठेवलं?"

"काहून? निऱ्या पाहा कशा बसल्या."

"तृप्तीची साडी आहे ते. काढा."

"बसलेल्या महालक्ष्मीची साडी काढू? विसर्जनाच्या आधी? मी नाही बाप्पा. तूच काढ."

देवकाबाईंनी हात पुढे केला, देवीच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि तोच हात दुसऱ्या हाताला जोडून मागे घेतला.

तृप्ती मात्र खूश. "बरं झालं. तिलेच पसंत करून जातील."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा मोठ्या महालक्ष्मीच्या अंगावर गळ्यापासून पायापर्यंत शाल होती.

"देवीले शाल काहून?" सुमनबाईंनी विचारलं.

"थंडी वाजून राहिली होती," देवकाबाई म्हणाल्या. भादव्याचा उकाडा असा, की बोलता बोलता त्यांच्याच नाकावरून घाम टपकला. तो पाहून केशवरावांनी पाहुण्यांसाठी पंखा पाचावर केला, आणि शाल उडाली ती थेट कढीनं भरलेल्या गंजात.

सुमनबाईंचा घास हातातच राहिला. "हे तर मी पाठवलेली साडी."

देवकाबाई डाव घेऊन कढीतली शाल काढायला धावल्या. साध्या कुर्त्यात आंबील वाढत असलेली तृप्तीच बोलली, "बाबांनी चुकून नेसवली, मावशी. आता उद्यापर्यंत काढता येत नाही."

"मग तू लक्ष्मीसारखी दिसते का नाही, मले कसं समजन?"

"दिसण्याचं माहीत नाही. पण लक्ष्मी एका जागी टिकत नाही म्हणतात. मीही रोज नोकरीसाठी नागपूरले जाणं-येणं करते. तेवढी आहो मी लक्ष्मी."

इतका वेळ पत्रावळीत मान घालून बसलेला भूपेंद्र, म्हणजे नवरदेव, हळूच म्हणाला, "आई, लक्ष्मी विष्णूचे पाय दाबत बसते. मले पायाले गुदगुल्या होते. लक्ष्मी नसली तरी चालन."

तृप्ती अशी हसली की आंबील त्याच्या भजीवर सांडली. तोही हसला. आजवर कोणत्याच मुलीसमोर मान वर न केलेला आपला लेक दात दाखवून राहिला, हे पाहून सुमनबाई विरघळल्या. "आमच्याकडून पसंत आहे."

देवकाबाईंचा अडकलेला श्वास सुटतो न सुटतो तोच तृप्ती म्हणाली, "मले थोडा वेळ द्या. आम्ही भेटू, बोलू, मग सांगते."

"पार्वतीनं शंकरासाठी तप केलं," देवकाबाई दात-ओठ खात पुटपुटल्या, "आणि हे शंकरालेच उन्हात उभं करून राहिली."

"करतो ना तप, काकू," भूपेंद्र म्हणाला आणि त्यानं आणखी आंबील मागितली.

पाहुणे गेले. देवकाबाई कढीतली शाल पिळत म्हणाल्या, "काय पोरी आहेत आजकालच्या. आम्ही कधी कोणाले म्हटलं का, थांबा, विचार करून सांगते?"

"मले तरी कुठं कोणी विचारलं होतं?" केशवराव बोलून गेले.

पिळणं थांबलं. "विचारलं असतं तर?"

केशवरावांनी पानातली अख्खी पुरणपोळी तोंडात कोंबली, आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत ते तीच चावत होते.