धक्का कोरिटापावेतो विरला त्याची हकिकत

सातपुड्याच्या देवांस मुजरा करून लिहिली हकिकत ऐसीजे. तोरणमाळच्या पायथ्याशी एके दुपारी धरणीने अंग झाडले, आणि तालुक्याहून फर्मान सुटले की, डोंगरापासून तापीपार गावोगाव जबानी घ्यावी, धक्का लांब जाता जाता कसकसा विरला याचा तक्ता करावा, आणि जेथे जोर अव्वल तेथील शाळा आधी दुरुस्त करावी. मोहिमेवर रेवजी मास्तर, पेन्शनर, राहणार कोरीट, यांची नेमणूक झाली. कारभारीण शोभाबाई वारल्यापासून घरी वाट पाहणारे कोणी नाही, सबब मास्तर फटफटीवर स्वार होऊन कूच करते झाले.

पायथ्याच्या पाड्यावर तेथील रहिवासी कालीबाईंनी, हलले, इतकेच सांगितले, आणि मग शाळेची भिंत दाखविली. भेगेत हात जाई, आणि पोरे बाहेर जांभळीखाली बसली होती. मास्तरांनी तक्त्यात जोर मांडला आणि तापीकडे निघाले. परंतु मोबाइल नामे जासूद त्यांच्या पुढे दौडत होते. डोंगरात एक भिंत फुटली हे ऐकून शहाद्याकडील गावाने दोन लिहविल्या, आणि मग पुढील गावाची विहीर उसळली, आणि धक्का विरण्याऐवजी मजल दरमजल वाढत कोरिटास आला. तेथे सरपंच रूपचंद फौजेनिशी चावडीवर उभे.

"मास्तर, लिखा! मन्ही म्हैस खुटासकट आभायमा गयी!"

"म्हैस ती समोर रवंथ करी ऱ्हायनी."

"मंग, परत पडनी ना! डोंगरवालास्नी भित फुटनी, आन् आपला गाव काय नुसता डोलना? गावनं नाक कापशात का?"

मास्तरांस पेच पडला. लिहावे तर दुरुस्ती कोरिटास आणि पोरे जांभळीखालीच, न लिहावे तर गावाशी वैर. मग त्यांनी हुकूम केला की, समस्तांनी आमचे स्वयंपाकघरी यावे.

फळीवर शोभाबाईने मांडलेले पितळी डबे होते. ती गेल्यापासून त्यांस कोणाचा हात लागला नव्हता. मास्तरांनी एक डबा अलगद उचलला. खाली फळी लख्ख, आणि भोवती धुळीचे कडे, कोठेही न फाटलेले. डबा केसभरही सरकला नव्हता.

रूपचंदांनी टोपी काढली.

"वैनीनी मांडेल शे," ते हळूच म्हणाले. "लिखा मास्तर, काहीच हालनं नही."

येणेप्रमाणे तक्त्यात पाडा अव्वल व कोरीट अखेर दाखल होऊन फत्ते झाली. मोहिमेत नुकसान एकच. मास्तरांनी पुष्कळ यत्न केला, परंतु तो डबा पुन्हा त्या कड्यात नेमका बसला नाही.