पोटॅशचा पडदा

शेतकरी उसासाठी पोटॅशची पोतीच्या पोती न्यायचे. आमचे खरातसर मात्र त्याच दुकानात पाव किलो मागायचे. दुकानदार विचारी, "सर, एवढ्याशा खतात पेरता तरी काय?"

सर गंभीरपणे सांगत, "रेघ."

खोटं नव्हतं ते. जालन्याच्या कॉलेजात मी गणित शिकवायचो, सर पदार्थविज्ञान. टीव्हीत असते तशा काचेच्या नळीवर उमटलेली रेघ क्षणात विरते, हे सरांना सहन होत नसे. पोटॅश धुऊन, आटवून, पांढरंशुभ्र करून त्याचा पातळ थर ते पडद्यावर चढवत. थर बराबर बसला की रेघ जांभळी उमटणार आणि वीज गेली तरी राहणार. पुसायची तर पडदा तापवायचा. पण थर बसेल तर ना! कधी पापुद्रे सुटत, कधी डाग पडत. आम्ही म्हणायचो, "सर, त्यापेक्षा कांदे लावा." सर हसत नसत. "टिकलं पाह्यजे. बिलकुल टिकलं पाह्यजे," एवढंच.

शेवटी एक नळी साधली. त्याच उन्हाळ्यात सरांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा जाणार होता. आदल्या दिवशी सर त्यांना प्रयोगशाळेत घेऊन आले आणि नळीला जोडलेला माइक त्यांच्यापुढे धरला.

"काय बोलू?"

"काय बी बोल."

वहिनींनी पदर सावरला. लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, ते त्यांनी घेतलं. "परसराम." त्या आवाजाची जांभळी, नागमोडी रेघ पडद्यावर उमटली आणि तशीच राहिली.

पुढे विद्यापीठाचे पाहुणे यायचे होते. प्राचार्य म्हणाले, "ती जुनी रेघ पुसा, पाहुण्यांसमोर नवी उमटवून दाखवा." जन्मात कुणाचा शब्द न मोडलेले सर म्हणाले, "न्हाई जमणार," आणि उजेडानं रेघ फिकी होऊ नये म्हणून त्यांनी पडद्यावर काळं कापड टाकलं.

मी चिडलोच. "अहो, आवाजच ठेवायचा होता तर टेप करायचा!"

"टेप हाये की घरी. एकदा लावल्ती. ती सैपाक करून राह्यली होती. सोताचा आवाज ऐकून तिथंच खाली बसली." सरांनी कापडाचं टोक उचललं. "मंग म्या टेप बंदच केली. ही रेघ कितीबी पाह्यली, तरी तिला ऐकू जात न्हाई."