भाऊबंद आणि आजोळकर यांच्या लाडवांचा उलगडा

श्रीलंबोदर, ज्याच्या हाती मोदक आणि पोटी सर्व आकडे, तो लिहिणारावर आणि वाचणारावर प्रसन्न असो. शके सोळाशे सत्तावन्न, राक्षसनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी अमुक राज्याचे महाराज सिंहासनी सुखरूप होते, आणि त्यांची एकुलती कन्या मंजुळाबाईसाहेब उपवर होत्या, आणि त्यांची सोयरीक शेजारच्या राज्यातील हैबतराव यांशी ठरली, आणि बाईसाहेबांनी हैबतरावांस सज्जातून पाहिले, आणि पाहून भाकरीस तूप लावावयाचे विसरल्या, इतके ते मनास आले. मग अडचण कशाची म्हणाल, तर लाडवांची. त्या मुलुखी चाल ऐशी की, वऱ्हाड निघाले म्हणजे यजमानाने प्रत्येक पाहुण्यास बुंदीच्या लाडवांची शिदोरी बांधून द्यावी, आणि वेशीवर ती सोडून मोजावी, आणि तीत लाडू ज्याच्या त्याच्या भुकेइतकेच निघावे. एक कमी निघाला तर ‘उपाशी धाडिले’, एक जास्त निघाला तर ‘आधाशी म्हटले’, आणि काहीही म्हटले तरी नवरी पालखीतून उतरवून माघारी. महाराजांच्या भगिनी आत्यासाहेब ऐशाच एका जास्तीच्या लाडवापायी वेशीवरून परत आल्या होत्या, आणि पुढे त्यांस न्यावयास कोणी आले नाही, आणि तेव्हापासून बाई लाडू दिसला की तोंड फिरवीत. ते तोंड मंजुळाबाईसाहेब लहानपणापासून पाहात आल्या होत्या, म्हणून लग्न ठरल्या दिवसापासून त्यांस लाडवांचीच धास्ती.

वऱ्हाडात घराणी दोन. नवरदेवाच्या बापाकडचे ते भाऊबंद, आणि आईकडचे ते आजोळकर. प्रत्येक घराण्याचे लाडवांचे माप ठरलेले. सरदार असो की हुजऱ्या, एकाच घराण्याचा तर लाडू सारखेच खाई, आणि कमीजास्त खाईल त्याचे पागोटे उतरवीत. माप परक्यास सांगणे नाही, परक्याने विचारणे त्याहून नाही, आणि कोणी जेवणाराच्या पानात डोकावला तर तलवारच निघे. आणखी गंमत ऐशी की, दोन्ही घराण्यांचे जुने वैर मिटले ते समयी शपथ जाहली होती, एकाने दुसऱ्यावाचून पंगतीस बसू नये. सबब यजमानास दिसे ते एकच, आपली परात किती रिकामी जाहली. महाराजांनी दिवाण नरहरपंत यांस बोलाविले. हे मोठे गणिती, आणि आपण गणिती आहो हे त्यांस सर्वांहून जास्त ठाऊक. पंतांनी मानाची पंगत म्हणून तीन भाऊबंद आणि दोन आजोळकर बसविले, आणि मंडळींनी छत हालेल ऐशी ढेकर दिली, आणि परातीतून लाडू गेले एक्केचाळीस.

महाराज म्हणाले, “मग एकेकाचे माप किती?” पंत म्हणाले, “महाराज, भाऊबंदाचे अकरा आणि आजोळकराचे चार. अथवा पाच आणि तेरा. अथवा एक आणि एकोणीस. आणि ऐशा आणखीही जोड्या निघतात.” महाराज म्हणाले, “पंत, एकोणीस लाडू खाल्लेल्या माणसास घोडा पाठीवर घेईल काय?” पंत म्हणाले, “घोड्याची साक्ष नको, दुसरी पंगत घेऊ, आणि कालच्याहून मोठी घेऊ. पंगत मोठी तर साक्ष मोठी.” आणि दुसरे दिवशी सहा भाऊबंद आणि चार आजोळकर बसविले, आणि लाडू गेले ब्याऐंशी, आणि पंतांनी आनंदाने नौबत वाजविली, आणि मग हिशेबास बसले तो पुन्हा अकरा आणि चार, पाच आणि तेरा, एक आणि एकोणीस, सगळी जशीच्या तशी हसत उभी. नौबत थांबविली. उद्याचा दिवस गेला की लग्न, आणि पंत घामाने भिजून आकड्यांस शिव्या देते जाहले.

तेव्हा मंजुळाबाईसाहेब आत्यासाहेबांचा हात धरून सदरेवर आल्या, आणि रडावयाच्या बेतात होत्या त्या पंतांची पाटी पाहून हसू लागल्या. म्हणाल्या, “पंतकाका, काल जे विचारलेत तेच आज दुप्पट मोठ्याने विचारलेत. उत्तरही तेच आले, दुप्पट मोठ्याने.” पंत म्हणाले, “मग बाईसाहेब, करावे काय?” बाईसाहेब म्हणाल्या, “पहिलीच पंगत बसवा. फक्त एक भाऊबंद उठवा आणि त्याच्या पाटावर एक आजोळकर बसवा.” तैसे केले. दोन भाऊबंद, तीन आजोळकर, आणि लाडू गेले एकोणचाळीस. बाईसाहेबांनी टाळीच वाजविली. “पाट पाचच, जेवणारे पाचच, एक माणूस बदलला आणि दोन लाडू वाचले. तर भाऊबंद आजोळकराहून दोन जास्त खातो! आता पहिल्या पंगतीतले दोन्ही आजोळकर उठवा, मनातल्या मनात हो, शपथ मोडायची नाही, आणि तेथे भाऊबंद बसवा. चार लाडू वाढले. पाच भाऊबंद, पंचेचाळीस लाडू, एकेकास नऊ. आणि आजोळकरास सात!”

आत्यासाहेब बोटे मोजू लागल्या. “नऊ त्रिक सत्तावीस, सात दुणे चौदा, झाले एक्केचाळीस. नऊ दुणे अठरा, सात त्रिक एकवीस, झाले एकोणचाळीस.” मग त्यांचे डोळे भरून आले. “माझ्या वेळी कोणी ताळा केला नाही ग,” ऐसे बोलिल्या, आणि परातीतला एक लाडू उचलून तोंडात टाकिला.

लग्न थाटात लागले, आणि वेशीवर शिदोऱ्या सुटल्या, आणि भाऊबंदांस नऊ, आजोळकरांस सात, आणि पागोटी आकाशात उडाली, आणि सर्व नाचत असता कोणाच्या तरी ध्यानी आले की नवरदेवाची शिदोरी कोठे? बाप गरजला, “आमचा आहे, नऊ!” मामा गरजला, “आमच्या अंगाखांद्यावर वाढला, सात!” पंत मध्ये पडून म्हणाले, “आठ!” तेव्हा दोन्ही घराणी प्रथमच एकमताने पंतांच्या अंगावर धावली, आणि पंत नगाऱ्याआड दडले. आत्यासाहेबांनी पालखीचा दांडा घट्ट धरिला. इतक्यात पालखीतून मंजुळाबाईसाहेब म्हणाल्या, “त्यांची वेगळी बांधलीच नाही. माझ्या शिदोरीत सोळा आहेत, आम्ही दोघे मिळून खाऊ.” हैबतराव घोड्यावरून उडी टाकून पालखीत शिरले, आणि पडदा पडला. पुढच्या मुक्कामी शिदोरी रिकामी बाहेर आली. बाप आणि मामा यांनी पंतांस पुसिले, मुलाने किती खाल्ले? पंतांनी पाटी भरून टाकिली, आणि पडद्याशी जाऊन अदबीने म्हणाले, “बाईसाहेब, उलगडा होत नाही. आणखी एक पंगत पाहावयास मिळेल काय?” आतून दोघांचे हसणे ऐकू आले, आणि मग बाईसाहेबांचा आवाज, “नाही मिळायची.”

एकूण हकीकत इतकी. अज्ञाते दोन असतील तर साक्षी दोन घ्याव्या, आणि त्या खरोखर वेगळ्या घ्याव्या, आणि ताळा करावा. आणि जेथे साक्ष एकच ठेविली असेल, तेथे ती मुद्दाम ठेविली आहे ऐसे समजून पडद्यापासून दूर व्हावे.